साठ प्रार्थनांचा अर्धा तास

मला एका जागी बसता येत नाही. लहानपणापासूनच नाही. जेवताना पाय हलतो, बोलताना हात हलतो, आणि चर्चमध्ये पाळकांचं प्रवचन दहा मिनिटांपुढे गेलं की मी बाकाखालचा एखादा सैल खिळा शोधून तो उपटायच्या मागे लागतो. ताईने माझं नाव भिंगरी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की खाणीच्या हजेरीला माझं खरं नाव पुकारलं गेलं तर मीच इकडेतिकडे बघतो. अशा माणसाने दाजींबद्दल सांगायला बसावं हे काही बरोबर नाही. पण बरोबर माणूस सापडेपर्यंत वाट बघणं मला जमणार नाही, म्हणून मीच सांगतो.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. आम्ही दोघं एकाच दगडखाणीत कामाला. मी कड्यात भोकं पाडायचं मशीन चालवतो. ते काम मला मानवतं, कारण मशीनच इतकं थरथरतं की माझी चुळबुळ त्यात खपून जाते. त्या भोकांत दाजी सुरुंगाची दारू भरतात, ठासतात, वाती लावतात आणि पेटवतात. प्रत्येक वात आधीच्या वातीपेक्षा थोडी लांब. त्यामुळे सुरुंग एकदम न फुटता एकापाठोपाठ एक फुटतात, आणि ते मोजता येतात. हे मोजणं हेच खरं काम. नऊ भोकं भरली तर नऊ आवाज यायला हवेत. आठच आले, तर एक सुरुंग आत जिवंत असू शकतो. मग अर्धा तास तिकडे कुणीही फिरकायचं नाही. अर्ध्या तासाने परवाना असलेल्या माणसाने एकट्याने जाऊन बघायचं आणि सगळं ठीक असेल तर हिरवा बावटा दाखवायचा. आमच्याकडे परवाना दोघांकडेच. त्यातले एक दाजी.

आमची घरं खाणीच्या अलीकडे, हाकेच्या नाही पण सुरुंगाच्या अंतरावर. रोज सकाळी चपला घालता घालता दाजी ताईला आकडा सांगतात. ‘आज सात.’ ‘आज अकरा.’ बाकीच्यांच्या घरी बायको काहीतरी आणायची आठवण करते, इथे नवरा आकडा ठेवून जातो. बाराचा भोंगा झाला की ताई हातातलं काम थांबवून ओट्याशी उभी राहते आणि एकेक बोट मिटत मोजते. आकडा जुळला की ताटं काढते. जुळला नाही तर काढत नाही, कारण आज दाजींना यायला उशीर होणार हे तिला त्या क्षणीच कळलेलं असतं. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय.

आता त्या अर्ध्या तासाबद्दल. दाजींना ज्याने काम शिकवलं त्या वस्तादाचा उजवा हात मनगटापासून नव्हता. तो सगळ्यांना एकच गोष्ट सांगायचा. “मी घड्याळ बघितलं होतं रे. अठरा मिनिटं झाली होती. मला ती तीस दिसली.” कुणाला हसू यायचं, कुणी चुकचुकायचं. दाजींनी मात्र ती गोष्ट गाठीला बांधली. घाबरलेल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग त्यांनी हिशेब बसवला. प्रभूची प्रार्थना नीट, शब्दाला शब्द लावून म्हटली की अर्धं मिनिट लागतं. साठ वेळा म्हटली की अर्धा तास. मनगटावर घड्याळ असायचंच, पण ते साठ झाल्यावरच बघायचे. “घड्याळ कायद्यासाठी,” ते म्हणायचे, “प्रार्थना माझ्यासाठी.” आणि घड्याळ बघावं तर मिनिटभर इकडे किंवा तिकडे. त्याहून जास्त फरक मी कधी पाहिला नाही.

मला याचा अस्सा राग यायचा! अकरा वर्षांत आम्ही पंधरा-सोळा वेळा असे अडकलो असू. आडोशाला आमची सिमेंटची एक खोली आहे, गुडघे पोटाशी घेतले तर दोघं मावतात. त्या खोलीत मी, माझे हलणारे पाय, आणि शेजारी डोळे मिटून पुटपुटणारे दाजी. बाहेर खडीचं मशीन बंद, ट्रक उभे, चाळीस माणसं हात बांधून बसलेली. आणि पंधरा-सोळापैकी एकदाही आत काही निघालं नाही. प्रत्येक वेळी दोन सुरुंग एकदम फुटलेले आणि आम्हाला एक आवाज आलेला. एकदा तर खुद्द मालक लाल बावट्यापर्यंत येऊन ओरडला, “अहो, दोन एकदम फुटले असतील!” दाजींनी एक प्रार्थना पुरी केली, डोकं बाहेर काढलं, म्हणाले, “असतील, साहेब. तेवीस मिनिटांनी सांगतो.” आणि पुन्हा आत. मालकाचा चेहरा बघून मला वाटलं, राहिलेला सुरुंग आता इथेच फुटणार.

“दाजी, देव तुम्हाला एवढं शांत कसं ठेवतो?” मी एकदा विचारलं. अर्धी चेष्टाच होती.

त्यांनी हात पुढे केले. दहाही नखं कुरतडलेली, अंगठ्याचं तर रक्त निघालेलं. “शांत? माझं काळीज आत्ता खडीच्या मशीनसारखं चाललंय. देव मला शांत नाही रे करत. तो मला बसवून ठेवतो. बसलं की डोकं हळूहळू जागेवर येतं. आलं की मग ते वापरायचं. डोकं त्याने काही हेल्मेट अडकवायला नाही दिलेलं.”

अकरा वर्षं शेजारी बसून मला त्यांची नखं दिसली नव्हती. मी काय बघत होतो कोण जाणे.

तर गेल्या वर्षी ताईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल, आणि ती कसली आहे ते काढल्यावरच कळेल. त्या एका वाक्याने घरातला प्रत्येक माणूस वेगळ्या तऱ्हेने बिघडला. आई एकच भांडं तीन-तीनदा घासू लागली. मी घरातले सगळे नळ दुरुस्त केले, गळत नव्हते तेसुद्धा. दाजी मात्र रोजच्यासारखे. उपासनेला जायचे, कामाला जायचे, आकडा सांगायचे. मला वाटलं, या माणसाच्या छातीत दगडच आहे, आणि तोसुद्धा न फुटणारा.

ऑपरेशन मंगळवारी दुपारी एकला ठरलं. दाजींनी रजा टाकली होती. पण सोमवारी दुपारी दुसरा परवानावाला तापाने आडवा झाला, आणि कड्यातली नऊ भोकं तोवर भरून झाली होती. भरलेल्या भोकांवर रात्रभर पहारा बसवता येतो, पण दुसऱ्या दिवशी बाराला ती उडवावीच लागतात. दाजींनी गणित मांडलं. बाराला सुरुंग, बारा दहाला मोटरसायकल, दवाखान्याला वीस मिनिटं. म्हणजे साडेबाराला ताईजवळ. ताईला आत नेण्याआधी तिचा हात हातात घ्यायचा, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं. ताई तशी खंबीर. पण त्या थिएटरच्या दाराची तिला भीती बसली होती. “त्या दारापर्यंत तुम्ही हवे,” एवढंच ती म्हणाली होती.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं आधी दवाखान्यात गेलो. दवाखाना टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, खिडकीतून आमच्या खाणीची धूळ दिसते. दाजींनी मनगटावरचं घड्याळ काढून ताईच्या हातात बांधलं. पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी ते सैलच. “साडेबाराला इथे आहे,” ते म्हणाले. “आज नऊ.”

“नऊ,” ताई म्हणाली.

ते सिस्टरशी बोलायला बाहेर गेले तसं ताईने मला बोटाने जवळ बोलावलं. “भिंगरी, आज त्यांच्यावर लक्ष ठेव.”

“मी? त्यांच्यावर?”

“पहाटेपासून बूट तीनदा पुसलेत. आणि नखं बघ. आता खायला उरलीच नाहीत.”

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, वाघाची राखण करायला सशाला बसवलंय.

खाणीत मोबाइल फाटकावरच जमा करावे लागतात, सुरुंगाच्या जागी नियमच तसा आहे. दाजींचं घड्याळ ताईकडे. माझ्याकडे घड्याळ नाही; पूर्वी होतं, पण मी ते इतक्या वेळा बघायचो की दाजींनीच एकदा हात जोडून ते काढायला लावलं. आज दोघांकडेही घड्याळ नाही, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. बाराला भोंगा झाला, दोन्ही रस्त्यांवर लाल बावटे लागले, माणसं मागे हटली. दाजींनी एका टोकाकडून वाती पेटवत आणल्या, मी त्यांच्या मागे पेटलेली वात बघून ‘झाली’ म्हणत आलो, आणि आम्ही दोघं त्या सिमेंटच्या खोलीत शिरलो.

एक. दोन. तीन. चार, जरा थांबून पाच. सहा. सात. मग एक मोठा, जमीन हलवणारा. आठ.

मग काही नाही.

धूळ खाली बसत होती, तिचा आवाज येत होता, इतकं शांत झालं. मी दाजींच्या तोंडाकडे बघितलं. त्यांचा अंगठा करंगळीच्या शेजारच्या बोटावर तसाच थांबला होता. “शेवटचा मोठा होता,” मी म्हणालो. “दोन एकदम असणार.” त्यांनी डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले.

आमच्या खोलीची जागा मुद्दाम सांगतो. ती जुन्या खड्ड्यात आहे. तिथून बाहेर पडायची पायवाट कड्याच्या बरोबर खालून जाते. दुसरी वाट नाही. मोटरसायकल त्या वाटेच्या पलीकडे उभी होती, जेमतेम दीडशे पावलांवर.

मी नेहमी या वेळात खडे उडवतो, काड्या मोडतो, काहीही करतो. त्या दिवशी ताईचं बोलणं डोक्यात होतं. मूठभर खडे गोळा करून मी डाव्या बाजूला ठेवले आणि मीही मनातल्या मनात प्रार्थना म्हणू लागलो. एक म्हटली की एक खडा उजवीकडे. मला ही प्रार्थना ताईने शिकवलीय, कान धरून. लहानपणी मी ती एका दमात म्हणून पळायला बघायचो, तेव्हा ती कानाची पाळी पकडून बसायची आणि तिच्या वेगाने म्हणेपर्यंत सोडायची नाही. त्यामुळे मी जगात सगळं घाईने करतो, फक्त ती एक प्रार्थना मला घाईने म्हणता येत नाही. कान दुखतो.

सुरुवातीला दाजींचा आणि माझा मेळ होता. मी आमेनला पोचायचो तेव्हा त्यांचे ओठ मिटायचे. दहाव्या खड्याच्या सुमाराला ते माझ्या आधी मिटायला लागले. पुढे पुढे मी अर्ध्यात असताना ते संपवून नवी सुरू करत. त्यांचा आवाज वाढला. शब्द एकमेकांच्या अंगावर चढायला लागले. क्षमेची ओळ तर ते गिळूनच टाकत होते. मी वर बघितलं. कपाळावर घाम, मान पुढे, आणि पाय हलत होता. दाजींचा पाय! माझा स्थिर होता आणि त्यांचा हलत होता. मला राग नाही आला, भीती वाटली. घरातली भिंत हलताना बघावी तशी.

त्यांनी डोळे उघडले, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि उठले. “झाल्या साठ.”

मी खडे मोजले. पुन्हा मोजले. “दाजी, माझ्या एक्केचाळीस झाल्यात.”

“तू रेंगाळलास.”

जन्मात मला कुणी असं म्हणालं नव्हतं. दुसरा कुठलाही दिवस असता तर ते वाक्य मी लिहून घेऊन भिंतीला लावलं असतं. “मी नाही रेंगाळलो. तुम्ही पळालात.”

“बाजूला हो.”

“नाही होणार.”

“अरे, मी कड्याजवळ जात नाही. नुसता खालच्या वाटेने निघून जातो. दोन मिनिटांचं काम. तूच म्हणालास ना, दोन एकदम असणार? सोळा वेळा आपण थांबलो. सोळाही वेळा काही नव्हतं.”

म्हणजे माझंच सगळं बोलणं, इतक्या वर्षांचं, ते माझ्याच तोंडावर मारत होते, आणि त्यातला एकही शब्द मला खोडता येत नव्हता. माझीसुद्धा तीच इच्छा होती. माझे पाय तर केव्हाच दवाखान्याकडे निघाले होते. मी दाराच्या चौकटीत बसलो, पाठ एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला ताणून. दार अरुंद आहे, मी काटकुळा असलो तरी पुरतो.

त्यांनी माझी कॉलर धरली. ज्या माणसाने कधी मांजरावर हात उगारला नाही त्याने माझी कॉलर धरून मला उचललं. “ती माझी बायको आहे!”

“ती माझी बहीण आहे!” मीही ओरडलो. माझा आवाज फाटला. “तिने मला सांगितलंय तुमच्यावर लक्ष ठेवायला. तिला मी काय सांगू? दाजींना घाई होती म्हणून?”

त्यांचा हात तसाच राहिला. आम्ही दोघंही धापा टाकत होतो. मला सुचलं ते भलतंच. “दाजी, तुम्ही क्षमेची ओळ गिळताय. कितीतरी वेळापासून गिळताय. मला ऐकू येत होतं.”

मग कॉलर सुटली. ते खाली बसले, बसले म्हणजे कोसळलेच, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मी कबूल केलं होतं तिला,” ते आतून म्हणाले. “त्या दारापर्यंत येईन म्हणून.”

“माहितीय.”

“ती दाराकडे बघत असेल रे.”

“असेल.” मी खड्यांजवळ सरकलो. “एकोणीस राहिल्यात. मोठ्याने म्हणा. माझ्याबरोबर. ताईच्या वेगाने.”

आम्ही म्हटल्या. एकोणीस. ती साडेनऊ मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट. प्रत्येक ओळीला मला वाटायचं, आत्ता निघालो तर अजून पोचू. आणि प्रत्येक ओळीला वाटायचं, आत्ता फुटेल. दाजींचा आवाज आधी कापत होता. दहाव्या-बाराव्या वेळेला क्षमेच्या ओळीवर ते क्षणभर थांबले आणि पुढची प्रार्थना त्यांनी त्यांच्या जुन्या चालीवर उचलली. शेवटची संपली तेव्हा ते उठले, मला म्हणाले, “इथेच बस. मी हाक मारेपर्यंत हलायचं नाही,” आणि चालत गेले. पळत नाही, चालत. एकेक भोक बघत, वाकून, हात न लावता. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, या माणसाला आज कुठेच जायचं नाही.

हिरवा बावटा दिसला. मी धावलो. आठवं आणि नववं, शेवटची दोन भोकं एकदम फुटली होती. नऊच्या नऊ रिकामी. आत काही नव्हतं. कधीच नव्हतं.

मोटरसायकलवर मी मागे बसून रडत होतो आणि स्वतःला शिव्या घालत होतो. एक्केचाळीसला सोडलं असतं तर पोचले असते. काही झालं नसतं. माझ्या एवढ्याशा अकलेने आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणा केला आणि तो नेमका आज, नेमका फुकट. वाऱ्यात दाजी काहीतरी म्हणाले. मी कान पुढे केला. “गप्प बस,” ते म्हणत होते. “तू बरोबर होतास.” ते इतक्या थंडपणे म्हणाले की मला आणखी रडू आलं.

पोचलो तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. ताईची खाट रिकामी. सकाळच्या सिस्टरने दाजींना बघितलं आणि टेबलाच्या खणातून घड्याळ काढून दिलं. “पावणेएकलाच नेलं त्यांना.”

“माझी वाट बघत होती का हो?” दाजींनी विचारलं.

सिस्टर सरळ बाई होती, तिने खरं ते सांगितलं. “सकाळपासून दाराकडेच डोळे होते. पण बारा वाजले, आणि त्यांनी बघायचंच सोडलं. मी म्हटलं, येतील हो अजून. तर म्हणाल्या, नाही येणार.”

दाजींनी घड्याळ हातात घेतलं. मनगटावर बांधलं नाही, मुठीत धरून बाकावर बसले. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. ताई रागावली असं मला वाटलं, आणि राग गेला नाही तोवरच जर तिला काही झालं तर, असंही वाटलं, आणि मग मी बसूच शकलो नाही. त्या बोळातून मी इतक्या फेऱ्या घातल्या की एका म्हाताऱ्या बाईने मला वॉर्डबॉय समजून चादर मागितली. आणूनही दिली.

परत आलो तेव्हा दाजी म्हणाले, “इथे बस. मोज.”

“काय मोजू?”

“प्रार्थना. तू म्हण, मी तुझ्यामागून म्हणतो. आज माझ्या वेगाचा भरवसा नाही.”

मी बसलो. खडे नव्हते, शर्टाची बटणं धरली. पहिली साठ संपली, दुसरी सुरू केली. सदतिसावी चालू होती तेव्हा दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. मी ताडकन उठणार, तर दाजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. खाणीत ठेवायचे तसाच. उरलेल्या तीन ओळी त्यांनी पुऱ्या केल्या, आमेन म्हटलं, मग उठले. डॉक्टर तेवढा वेळ उभे राहिले. बिचाऱ्यांना कदाचित सवय असेल.

गाठ पूर्ण निघाली होती. तपासायला पाठवली होती, पण बघून तरी साधीच वाटते, असं ते म्हणाले. दाजींनी त्यांना प्रश्न विचारले, नीट, एकेक करून, जखमेचे, औषधांचे, पुढच्या तारखेचे, आणि उत्तरं सिस्टरच्या कागदावर लिहून घेतली. त्यांचं अक्षर सरळ होतं. मला त्यातला एकही शब्द ऐकू आला नाही.

संध्याकाळी ताईने डोळे उघडले. आम्ही दोघं खाटेच्या दोन बाजूंना. दाजी काही बोलायच्या आत तिने ओठ हलवले. आवाज फुटत नव्हता. मी वाकलो.

“नववा?” ती म्हणाली.

दाजी दचकले. “फुटला होता. शेवटचे दोन एकदम.”

तिने डोळे मिटले. मग थांबत थांबत, मध्ये ओठ ओले करत बोलली. “इथल्या खिडकीच्या काचा वाजतात. आठदा वाजल्या. म्हटलं, झालं. आता हे अर्धा तास हलणार नाहीत.” जरा दम घेतला. “मला न्यायला आले तेव्हा पावणेएक झाले होते. मी सारखं घड्याळ बघत होते. वाटायचं, देवा, आत्ता हे दारात नकोत दिसायला. दिसले तर न थांबता आले. जिवंत सुरुंगावरून आले. मग मी त्या टेबलावर कशी झोपणार होते?” पुन्हा दम. “तुम्ही आला नाहीत. मग मला काही वाटलं नाही. आत गेले.”

दाजी हुंदका देऊन रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांना गप्प राहता आलं असतं. मी तर काही बोलणार नव्हतो, देवाशप्पथ. पण त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “मी येत होतो. तुझ्याशी खोटं नाही बोलणार. वीस मिनिटांत साठ उरकल्या मी आणि निघालो होतो. याने अडवलं. दारात बसला. मी त्याची कॉलर धरली तरी हलला नाही.”

ताईने मान वळवली. माझ्याकडे बघितलं. “हा?” ती म्हणाली. “हा बसला?” आणि हसायला गेली आणि टाके ओढले गेले म्हणून कळवळली, आणि तशीच हसत राहिली.

मग म्हणाली, “इकडे ये. कान दे.”

मी वाकलो. तिच्या एका हाताला सलाइन होतं, दुसऱ्या हाताने तिने माझ्या कानाची पाळी धरली. ओढली नाही, नुसती धरली. बोटं गार होती. थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला, तिला झोप लागली, पण पाळी सुटली नाही. सोडवली असती तर ती जागी झाली असती. मी तसाच वाकून उभा राहिलो. कमरेत कळ आली, एका पायाला मुंग्या आल्या. दाजींनी खुर्ची सरकवली तर मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

तिची बोटं आपोआप सैल झाली तेव्हा मी सरळ झालो. दाजींनी मुठीतलं घड्याळ बघितलं आणि हळूच सांगितलं, पस्तीस मिनिटं झाली होती. मला वाटलं होतं, फार तर दहा.